दुसऱ्या कुंडाचं पाणी

शके १८०५, श्रावण वद्य ३

कोपरला पोचलो. कळव्याहून मचव्यातून आलेलो. नारळी पुनव नुकतीच झालेली, त्यामुळे नाखवा खुशीत होता. माझं गाठोडं बघून म्हणाला, काय रे, सासरी चाललास काय. मी म्हटलं, सासर मिळालं तर राहीन की. तर म्हणतो, कोपरात चिखल नि चिंबोऱ्या दोनच गोष्टी मिळतात, त्यातली एक चावते. सगळे हसले, मीही हसलो. खाडीवर ऊन पडलेलं. तिवरांच्या फांद्यांवर बगळे असे बसलेले, जशी कुणी धोतरं वाळत घातलीत.

नोकरी भाऊ कर्णिकांकडे. भाऊ मिठाच्या खात्यात होते, आता पेन्शनीत आहेत. गावापासून पाव कोस लांब, खाडीच्या बांधाला लागून त्यांचं घर आणि मागे तीन दगडी कुंडं. त्यांत ते जिताड्याची पिल्लं वाढवतात. मामानं घरी, कोपरीत, सांगितलेलं की माशांना चारा घालायचा आणि मापं लिहायची, बास. त्यावर मामी म्हणाली, याला मासे सांभाळायला देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण.

मामा म्हणतो माझ्या पायाला भिंगरी आहे. खोटं नाही. तिसरीत असताना एका दरवेशाच्या अस्वलामागे भिवंडीपर्यंत गेलेलो, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. मग मागावर बसलो, कल्याणच्या मालधक्क्यावर पोती वाहिली, एका तमाशात डफ धरला. कुठेच वर्ष भरलं नाही. इथे भरवायचं. मामीला तसा शब्द दिलाय.

भाऊंनी मापांसाठी दोन वह्या दिल्या. माशांना एक पुरेल. दुसरी ही माझी.

श्रावण वद्य ५

काम समजलं. पहिल्या कुंडात वीस पिल्लं. दुसऱ्यात चारशे. होय, चारशेच. भाऊंनी कोळणींकडून खाडीतली पिल्लं घेतली आणि अख्खी टोपली त्या एका कुंडात, जुन्या पिल्लांतच, उपडी केली. तिसऱ्यात पुन्हा वीस, पण त्यात पाणी दुसऱ्या कुंडातलं. रोज सकाळी चार घागरी काढून मी तिसऱ्यात घालायच्या. का, ते विचारलं. भाऊ म्हणाले, महिन्यानं तुझं तुलाच कळेल, तोवर घागर सांडू नकोस.

कुंडांत पावसाचं गोडं पाणी आहे. पलीकडे बांध आणि बांधाला लाकडी फळ्यांची उघाडी. ती काढली तर भरतीचं सगळं पाणी आत येईल. तिला हात लावायचा नाही, हे भाऊंनी तीनदा सांगितलं. मी काय उघाडी काढून डोक्यावर घेणार आहे.

जिताडा जिवंत खातो. कोलीम म्हणजे बारीक कोळंबी घालायची, जवळा घालायचा. भूक राहिली तर भावंडाला गिळतो. म्हणून आठव्या दिवशी निवडणी. सगळी जाळ्यानं काढून, जे पुढे गेलेलं असेल ते वेगळं करायचं. गावच्या तळ्यांत पण अशीच निवडणी करतात, फक्त तिथे मोठं झालेलं पिल्लू मोठ्या तळ्यात सोडतात. भाऊ दुसऱ्या कुंडातलं मोठं झालेलं पिल्लू दगडावर ठेवून मारतात. जरा विचित्र वाटलं. पण ज्याचं तळं त्याचा न्याय.

घरात भाऊंची बायको विमलाबाई, आणि सगुणा म्हणून आठ-नऊ वर्षांची पोर. भाची आहे म्हणतात. विमलाबाईंच्या हातची सोड्यांची खिचडी खाल्ली आणि वर्षभर राहायचं पुन्हा एकदा नक्की केलं.

माझं पाणी वेगळं आहे. ओटीवर माझं काळं मडकं, आत त्यांचा तांब्याचा हंडा. ते परभू, मी भंडारी, त्यात विचारायचं काय. आमच्या गल्लीतल्या भटजींकडे तर वरून ओंजळीत ओततात. इथे निदान मडकं स्वतःचं आहे. आणि ते भाऊ स्वतः भरतात, फडक्यानं गाळून, वाळा घालून. भंडाऱ्याच्या पोराची एवढी बडदास्त कोण ठेवतो.

भाद्रपद शुद्ध १०

महिना होत आला. आज तिन्ही कुंडांची मापं घेतली. पहिल्यातली पिल्लं वीतभर झालीत, अंगावर चांदी चढलीय. दुसऱ्यातली अजून दोन बोटंच. ते ठीक. चारशे जणांत जेवायला बसलं तर कोण वाढेल. पण तिसऱ्यातली पण दोन बोटंच! तिथे वीसच आहेत, जागा मोप, चारा मीच घालतो, पहिल्याइतकाच. फरक एकच, पाणी.

भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, गर्दीत वाढलेला जीव पाण्यात काहीतरी सोडतो. ते दिसत नाही, त्याला वासही नसतो. पण त्या पाण्यात दुसरा जीव ठेवला, की त्याला सुद्धा वाटतं आपण गर्दीत आहोत, आणि तो वाढायचा थांबतो. मी म्हटलं, मग ही पिल्लं लहानच राहणार? म्हणाले, लहान दिसणार. वय थांबत नाही, दौलत. मग त्यांनी दुसऱ्या कुंडातलं एक पिल्लू मला तळहातावर दाखवलं. दोन बोटांचं, पण कल्ल्यांच्या कडा पिवळट, डोळे दुधाळ. म्हणाले, हे सहा वर्षांचं आहे.

 मग बांधावर एक मुंगूस दिसलं आणि त्याच्यामागे गेलो, तर घागरी राहिल्या. भाऊ रागावले.

भाद्रपद वद्य २

आज डोंबिवलीहून नाथा न्हावी आलेला. महिन्याला एक फेरी मारतो. भाऊंची हजामत केली, मग मला म्हणाला, ये रे राजा. साबणाचं पाणी लावलं, वस्तरा ठेवला आणि थांबला. म्हणाला, काल कुणाकडे करून आलास, माझं गिऱ्हाईक पळवणारा कोण तो. मी म्हटलं, अरे कोपरीतून निघताना केली ती केली. तर म्हणतो, मग मिशी फुटायच्या आधीच पेन्शनीत गेली वाटतं. मी हनुवटीवर हात फिरवला. खरंच गुळगुळीत. नखं काढायची नराणी काढून त्यानं माझी नखं बघितली आणि ती तशीच परत ठेवली. या घरात माझं पोट भरायचं नाही, म्हणाला. हसत म्हणाला, पण वस्तरा पुसताना माझ्याकडे बघेना.

मला तर बरंच वाटलं. रोजची कटकट गेली.

आश्विन शुद्ध ४

उजव्या हाताला कापलं. पहिल्या कुंडातला मोठा जिताडा मापासाठी धरला, त्यानं मान फिरवली. जिताड्याच्या कल्ल्याची कड म्हणजे वस्तरा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये, तळव्यापर्यंत. रक्त पुष्कळ गेलं. विमलाबाईंनी हळद भरून चिंधी बांधली. सोवळ्यात होत्या तरी बांधली. 

भाऊ मात्र रोज येऊन चिंधी सोडून बघतात. वहीत काही लिहितात. माझ्या नाही, त्यांच्या.

आश्विन शुद्ध १५

अकरा दिवस झाले. जखम तशीच आहे. चिघळली नाही, पू नाही, दुखत पण नाही फारसं. पण मिटत नाही. कडा ओल्या, गुलाबी, आत्ताच कापल्यासारख्या. मी लहानपणी नारळाच्या झाडावरून पडलेलो तेव्हा आठ दिवसांत खपली धरलेली.

आज ओटीवर बसून चिंधी बदलत होतो. सगुणा सागरगोटे खेळत होती. खेळता खेळता उठली, माझ्या मडक्यातून माझ्याच पेल्यानं पाणी घेतलं आणि प्यायली. मी घाईनं उठलो. म्हटलं, अगं पोरी, ते माझं आहे, बाईंनी बघितलं तर मला आज हाकलतील. तिनं परकराला तोंड पुसलं आणि म्हणाली, मी रोज यातलंच पिते. आतल्या हंड्यातलं मला देत नाहीत.

एवढं बोलून ती परत सागरगोटे झेलायला लागली.

दुपारभर तेच डोक्यात. परभूची मुलगी भंडाऱ्याच्या मडक्यातलं पिते आणि घरातली माणसं पिऊ देतात. ते जातीचं मडकं असतं तर तिला शिवू दिलं असतं का. म्हणजे मडकं माझ्या जातीसाठी वेगळं नव्हतंच. मी आपला पहिल्या दिवसापासून समजून बसलो. विचारलंच नाही.

मडक्यात वाकून वास घेतला. वाळ्याचा. त्याच्या खाली, अगदी खाली, कोलीम.

आश्विन वद्य १

आज मडक्यातलं प्यायलो नाही. हंड्यातलं मागायचा धीर झाला नाही.

सगुणाला बांधावर गाठलं. म्हटलं, खरं सांग, तू यांची कोण. ती म्हणाली, मुलगी. मग माझ्याकडे बघून हसली. ते हसणं लहान पोरीचं नव्हतं. म्हणाली, कल्याणला पहिली आगगाडी आली तेव्हा मी भाऊंच्या खांद्यावर बसून बघितली. लोकांनी इंजिनाला नारळ फोडलेले. मी नऊ वर्षांची होते.

ती गाडी माझ्या जन्माआधी आली. मामा सांगतो, त्याला एकोणतीस वर्षं झाली.

मी बोटांवर मोजत होतो, ते बघून तीच म्हणाली, अडतीस. आणि माझा ठरलेला नवरा रामबागेत राहतो, आता त्याला नातू झालाय. मी अजून सागरगोटे खेळते. गावात सांगतात की विमलाबाई दर आठ-दहा वर्षांनी माहेरून नवी भाची आणतात. जुनी लग्न होऊन जाते म्हणे.

मग तिनं माझा डावा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. परकराच्या नाडीच्या वर, लिंबाएवढी, दगडासारखी गाठ.

आश्विन वद्य २

भाऊंना विचारलं. वाटलेलं ओरडतील. त्यांनी पाट दिला, बसवलं आणि सगळं सांगितलं, जसं साहेबाला मिठाच्या वाफ्यांचं सांगत असतील.

गाठ तिला आठव्या वर्षी धरली. वैद्य झाले, मुंबईचा डॉक्टर झाला, सगळ्यांनी सहा महिने दिले. तेव्हा घराशी एकच कुंड होतं, आताचं दुसरं, त्यात भाऊंनी हौसेनं जिताडे ठेवलेले, गच्च. पोर खेळता खेळता त्यातलं पाणी प्यायची. गाठ वाढायची थांबली. पोरही थांबली. भाऊंना हे कळायला दोन वर्षं लागली आणि तेव्हापासून आजवर त्यांनी दुसरं कुंड रिकामं होऊ दिलेलं नाही.

मी विचारलं, मग मला का. ते म्हणाले, दरवर्षीचं पाणी सारखं नसतं. एका साली फार कडक झालं, तर ती तीन दिवस लाकडासारखी पडून होती. म्हणून आता आधी दुसऱ्याला देतो. आमटीत मीठ बघावं तसं म्हणाले. मग हलक्या आवाजात, तुलाही मूल झालं असतं तर तू हेच केलं असतंस.

मी उठलो. गाठोडं उचललं. भाऊंनी अडवलं नाही. दाराशी एवढंच म्हणाले, तुझ्याआधीचा गडी पोपट, तो पण असाच गेलेला. परत यावंसं वाटलं तर उशीर करू नकोस.

आश्विन वद्य ५, कोपरी

मामीकडे परवा आलो. विहिरीचं पाणी तांब्यावर तांब्या प्यायलो. काय गोड. कळशीत तोंड घालून प्यायलो म्हणून मामी ओरडली. बोकडासारखा काय पितोस, म्हणाली. त्या दिवशी काही झालं नाही. हसूच आलं भाऊंचं.

काल दुपारी भूक लागली. अशी भूक की सबंध परातभर भात संपवला, तरी हात थांबेना. संध्याकाळपर्यंत दाढी गळ्याखाली आली. मामा म्हणाला, हे काय सोंग. सकाळी उठलो तर नखं आत वळलेली, तळव्यात रुतलेली. आणि जखम मिटलीय. पण मिटून थांबली नाही. दोन बोटांच्या मध्ये मांस चढतंय, कोंबडीच्या तुऱ्यासारखं, बघता बघता. मी टक लावून बसलो की दिसतं.

मामीनं बघितलं आणि तोंडावर पदर दाबला. मला शिवायला पुढे आली आणि थांबली. तेच नको होतं मला.

मचवा मिळाला नाही. कळव्याहून चिखलातनं चालत निघतो.

आश्विन वद्य ६

परत. ओटीवर मडकं भरून ठेवलेलं होतं. भाऊंना माहीत होतं. सबंध मडकं प्यायलो. संध्याकाळपर्यंत भूक गेली, दाढी थांबली. मांस थांबलं, पण गेलं नाही. दोन बोटं निम्मी जोडलेली आहेत. नराणीनं कापायला बघितलं. ते आता माझंच मांस आहे, दुखतं.

नाथाला बोलावून घेतलं. दाढी काढताना आज त्यानं एकही विनोद केला नाही. शेवटी पोपटाचं बोलला. पोपट माझ्याआधी इथे तीन वर्षं होता. फाल्गुनात पळून मुंब्र्याला घरी गेला. पाच दिवसांनी नाथालाच बोलावलं, मयताची हजामत करायला. नाथा म्हणाला, तीन वर्षांची दाढी पाच दिवसांत आलेली. मी कात्री घेऊन बसलो आणि भादरण्यासाठी आधी तोंड कुठे आहे ते शोधत होतो. दात ओठांतून—

तो पुढे सांगेना. 

जितके दिवस थांबलेलो, तेवढे सगळे एकदम परत येतात, आणि तिथेही थांबत नाहीत. एवढं माझं मला कळलं. मला तीन महिनेसुद्धा झालेले नाहीत.

कार्तिक शुद्ध ८

एक युक्ती सुचली. हळूहळू सोडायचं. अफूवाले सोडतात तसं. आधी माशांवर करून बघितलं. दुसऱ्या कुंडातली सहा पिल्लं घागरीत घेतली. रोज एक ओंजळ चांगलं पाणी जास्त, एक ओंजळ हे कमी. आठ दिवस ठीक. रोज उठून आधी घागर बघायचो. आपण सुटणार, असं वाटायला लागलं. मामीला निरोप पण पाठवला की माघापर्यंत येतो.

नवव्या दिवशी पाणी अर्धं-अर्धं झालं. सकाळी सहाही वीतभर. दुपारी हातभर, घागरीत मावेनात, वळून वळून बसलेली. घागर फोडली. पोटं आधीच उललेली होती आणि आतनं अजून वाढतच होतं. तोंडं उघडत होती, मिटत होती.

भाऊ मागे उभे. म्हणाले, हे मी इंग्रजी सत्तर साली करून बघितलं. मला विचारलं असतंस तर घागर वाचली असती.

कार्तिक वद्य ४

दुसऱ्या कुंडात मर लागलीय. रोज वीस-पंचवीस उताणी. अंगावर कापसासारखं पांढरं. कल्ले फिके. कोलीम तशीच तरंगते. इतकी वर्षं इतकी गर्दी, इतकं जुनं पाणी, रोग धरणारच. पाणी बदललं तर वाचतील. पण पाणी बदललं तर ते पाणीच राहणार नाही. भाऊ दिवसभर काठावर बसून मेलेली वेचतात. मीही वेचतो.  आता त्यांना जे हवं तेच मला हवंय, हे सगळ्यात वाईट.

कार्तिक वद्य ८

सगुणानं बांधावर गाठलं. मी तिला आता काय हाक मारू कळत नाही. ती म्हणाली, उघाडीच्या फळ्यांमागची माती मी रोज थोडी उकरते. खुरप्यानं. आता एकच फळी घट्ट आहे, माझ्यानं निघत नाही. तू ओढ.

मी म्हटलं, तुला कळतंय का काय होईल.

म्हणाली, तुला तीन महिने झाले आता. मला एकोणतीस वर्षं. कुणाला जास्त कळतंय.

मी नाही म्हटलं. ती रागावली नाही. म्हणाली, मग निदान भाऊंना सांगू नको.

नाही सांगितलं. एवढंच केलं मी तिच्यासाठी.

कार्तिक वद्य १२

कुंडात नव्वद उरली. भाऊ म्हणतात नव्वदांत जोर नसतो. हाताचं मांस काल जरा सरकलं. मी मडक्यात बघतो, मग सगुणाच्या पेल्यात बघतो, तिनं किती घेतलं. असा विचार माझ्या मनात कधी—

कार्तिक अमावास्या

बाराची भरती. मी चारा घेऊन जात होतो. फळी सगुणानं कशी काढली माहीत नाही. पाणी आधी दोरीसारखं आलं, मग बांधच आला. तिन्ही कुंडं खाडी झाली. पहिल्यातले मोठे जिताडे चमकत उघाडीतून निघून गेले. ती गुडघाभर चिखलात उभी होती, खुरपं हातात. तिच्या बोटांना रक्त होतं.

भाऊ धावत आले ते पाण्यातच बसले. ओंजळीनं पाणी धरत होते. खारं. सगळं खारं.

घरात एक मडकं उरलेलं. भाऊंनी ते तिच्या तोंडाला लावलं. तिनं तोंड फिरवलं. त्यांनी तिचं नाक दाबलं, जसं लहान मुलाला औषध देतात. तिनं हातानं मडकं उडवलं. फुटलं.

मी जमिनीवर पडलो. शेणाच्या जमिनीतून पाणी आत जात होतं. मी उपरणं टाकून टिपलं आणि पिळून प्यायलो. दोन घोट. विमलाबाई बघत होत्या. सगुणा बघत होती.

मार्गशीर्ष शुद्ध १

ती सकाळी विमलाबाईंच्या खांद्याला लागत होती. केस जमिनीवर, अर्धे काळे, अर्धे पांढरे. चेहरा विमलाबाईंचाच, जरा तरुण. परकर फाटलेला. ती म्हणाली, आई, मला लुगडं नेसव.

विमलाबाईंनी पेटी उघडली. हिरवं लुगडं. आयुष्यात पहिल्यांदा मुलीला नेसवत होत्या आणि निऱ्या हातात धरेनात, कारण ती नेसता नेसता उंच होत होती. घोळ घोट्याच्या वर गेला. दोघी हसल्या. खरंच हसल्या.

दाराशी येऊन मला म्हणाली, कशी दिसते.

मी म्हटलं, छान, ताई.

म्हणाली, आता ताई म्हणालास.

दुपारनंतर गाठ. मी त्याबद्दल लिहिणार नाही. लुगड्याची गाठ सोडावी लागली, मग लुगडं. विमलाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. दिवेलागणीच्या आधी संपलं. ती संपली. गाठ तासभर आणखी

मार्गशीर्ष शुद्ध २

चौघांनी नेली. गावकऱ्यांनी विचारलं ही कोण. विमलाबाई म्हणाल्या, माझी मुलगी. इतक्या वर्षांनी म्हणाल्या. आम्ही स्मशानातून आल्यावर त्या माहेरच्या वाटेनं चालत गेल्या. मागे बघितलं नाही.

सकाळपासून भूक. घरातला तांदूळ कच्चा खाल्ला.

मार्गशीर्ष शुद्ध ३

दोन घोट संपले. दाढी छातीवर. डावा हात मिटलाय, उघडत नाही. उजव्याची तीन बोटं एक. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सुटं आहे. बोरू त्यात धरतो. मांस बोरूवर चढतं, मी मागे ओढतो—

भाऊंनी एका मडक्यात दोनशे नवी पिल्लं कोंबून आणलीत. त्यातलं पाजलं. काही नाही. पाणी लागायला महिना लागतो, त्यांना माहीत आहे, तरी पाजलं. मीही प्यायलो, माहीत असून—

शुद्ध ४

भाऊ समोर बसलेत. दौत धरून. रडतात, पण दौत हलत नाही.

म्हणतात, हे आजवर आतून कुणी लिहिलेलं नाही. ती बोलली नाही. तू लिही, बाळा. काय होतंय ते लिही.

दुखतं का, म्हणतात. नाही. भूक.

दाढांमागे दुसऱ्या दाढा. त्यांच्यामागे—

लिही, म्हणतात. थांबू नको. आत्ता काय.

आत्ता जिभेला तोंडात जागा